आधी लोखंड, मग तेल

परवा रात्री तू फोन केलास तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं, त्यामुळे नीट बोलता आलं नाही. स्टेअरिंग जड झालंय, बांधाकडेला वळताना दोन्ही हातांनी ओढावं लागतं, आणि तालुक्याचा मिस्त्री म्हणतो पंप गेला, नवा टाका. एवढं तू सांगितलंस आणि फोन कट झाला. मिस्त्री खोटं बोलतो असं मला म्हणायचं नाही. पंप गेलेला असेलही. पण पंप गेलाय हे नुसतं स्टेअरिंग फिरवून कुणालाच कळत नसतं, मलाही नाही. म्हणून सवडीने लिहून पाठवतोय. हा कागद टूलबॉक्समध्ये ठेवू नकोस, आठवड्यात तेलाने माखेल. घरात ठेव.

दादा गेल्यापासून तो ट्रॅक्टर तूच चालवतेस. उसाच्या सरीत कसा घालायचा आणि ट्रॉली कशी मागे घ्यायची ते तुला दादांनी शिकवलं. स्टेअरिंगच्या आत काय चालतं हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नसणार, कारण त्यांना गरजच पडली नाही. बिघाड झाला की गाडी माझ्याकडे यायची. आता मी कराडला आणि तू तिकडे, साठ किलोमीटरवर. तेव्हा हे तुझं तुला यायला हवं.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की कर. नव्वदच्या सुमारापर्यंत माझ्याकडे येणारे बहुतेक ट्रॅक्टर साध्या स्टेअरिंगचे असत. चक्र फिरवलं की खाली पेटी, पेटीतून दांडा, दांड्यातून चाक. सगळं लोखंडाला लोखंड जोडलेलं. काही जुन्या गाड्यांत त्याच लोखंडी जोडणीला मदतीसाठी एक तेलाचा सिलिंडर लावलेला असतो. तिथे तेल संपलं तरी गाडी वळते, नुसती जड होते. तुझ्या ट्रॅक्टरचं तसं नाही. तुझ्या हातातलं चक्र आणि पुढची चाकं यांच्या मध्ये लोखंडाचा एकही दुवा नाही. आहे ते फक्त तेल. चक्राखाली एक गोल युनिट आहे, त्याला गॅरेजमध्ये सगळे ऑर्बिट्रोल म्हणतात. ते मुळात एका कंपनीचं व्यापारी नाव, पण आता कुणाचंही युनिट असलं तरी हेच नाव पडलंय. तू चक्र फिरवतेस तेव्हा ते युनिट पंपाकडून आलेलं तेल मोजून सिलिंडरच्या एका बाजूला देतं, दुसऱ्या बाजूचं तेल टाकीत परत जातं, आणि सिलिंडरचा दांडा चाकांना ढकलतो.

मोजून म्हणजे अगदी मोजूनच. आत सहा दातांची एक चांदणी सात खाचांच्या कड्यात फिरत असते. चक्राच्या एका फेऱ्याला ठरलेलं तेल, समज 100 मिलिलिटर, पुढे जातं. सिलिंडर या टोकापासून त्या टोकाला जायला 400 लागत असेल तर चार फेरे. आता कुठे आतल्या आत गळती झाली तर तेच काम पाच किंवा सहा फेऱ्यांत होईल. म्हणून आज गाडी धड असो नसो, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे लागतात ते मोज आणि पंचांगाच्या मागच्या पानावर लिहून ठेव. दरवर्षी दसऱ्याला गाडीची पूजा करतेस ना, त्या दिवशी पुन्हा मोज. सिलिंडर एकाच बाजूला दांडा असलेला असेल तर डावीकडचे आणि उजवीकडचे फेरे थोडे कमीजास्त लागतात. त्याने घाबरू नकोस, दांड्याच्या बाजूला तेलाला जागा कमी मिळते एवढंच.

आता तुझ्या जडपणाकडे येतो.

हात जड लागला की सगळ्यांचं डोकं तेलाकडे धावतं. पंप, सील, युनिट. मी मात्र आधी लोखंड बघायला सांगतो. 2004 च्या गळीत हंगामात एक शेतकरी डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर घेऊन आला. कारखान्याच्या रांगेतून थेट आला होता, रात्रभर झोप नाही, डोळे लाल. स्टेअरिंग दगडासारखं. मी फिरवून बघितलं, पंपाचा आवाजही जरा येत होता. म्हटलं, पंप गेला. नवा बसवला, त्याने उसाच्या उचलीतून पैसे दिले. दुसऱ्या दिवशी दुपारी तो परत दारात. स्टेअरिंग तसंच. तेव्हा मी पुढचा भाग जॅकवर उचलला, सिलिंडरचा दांडा सोडवला आणि चाक हाताने फिरवायला गेलो. डावं चाक हलेना. किंगपिन, म्हणजे चाक जिच्यावर वळतं ती उभी पिन, बुशमध्ये पकडली होती. ग्रीसच्या निप्पलचं भोक वाळलेल्या चिखलाने पार बुजलं होतं. कित्येक वर्षं त्यात ग्रीसचा थेंब गेला नसणार. ड्रायव्हर ग्रीस गन लावायचा, ग्रीस बाजूने बाहेर यायचं, आणि तो समजायचा की भरलं. त्या माणसाचे पंपाचे पैसे मला परत देता आले नाहीत, तेवढी माझी ऐपत नव्हती. पुढचे दोन हंगाम त्याच्या गाडीची मजुरी घेतली नाही. पण तो उचलीचा पैसा होता, त्यावर त्याच्या घरचा दिवाळीचा बाजार व्हायचा होता. ते मला अजून लागतं.

म्हणून तू पहिलं काम हेच कर. गाडी सपाट, कडक जमिनीवर लाव. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड नाहीतर लाकडी ठोकळे दे, हँडब्रेक ओढ. पुढचा आस मधल्या पिनवर डुलतो हे लक्षात ठेव. जॅक लावला की तो एका बाजूला कलतो, म्हणून आस आणि वरच्या सांगाड्याच्या मध्ये दोन्हीकडे लाकडी पाचर ठोक. उचलून झालं की खाली घोडी लाव, मगच हात घाल. नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली जायचं नाही. जॅकचं सील गेलं तर तो आवाज न करता खाली येतो.

मग सिलिंडरचा दांडा टायरॉडच्या टोकापासून सोडव आणि दोन्ही हातांनी चाक डावी-उजवीकडे फिरव. लहान पोरालाही फिरवता आलं पाहिजे इतकं ते हलकं हवं. कुठे अडकतंय का, कुठे खरखर लागते का, मध्येच जड होतंय का ते हाताला कळेल. जड लागलं तर पंपाचा विषय तिथेच मिटव. निप्पल पान्ह्याने काढ, त्याच्या भोकात बारीक तार घाल, डिझेल सोड. रात्रभर मुरू दे. सकाळी नवा निप्पल लाव, किरकोळ किमतीची वस्तू आहे. आणि ग्रीस भरताना चाक अधांतरीच ठेव. गाडीचा भार किंगपिनवर असताना ग्रीस खालच्या बेअरिंगच्या फटीत शिरत नाही, वरूनच बाहेर येतं. चाक उचललं की फट उघडते आणि ग्रीस आत जातं. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत भर. आसाच्या मधल्या पिनलाही ग्रीस दे, ती सगळेच विसरतात.

एवढ्यातच हेही बघून घे. चाक अधांतरी आहे तर वर-खाली धरून हलव. खडखडलं तर चाकाचं बेअरिंग ढिलं. डावी-उजवी धरून हलव. तिथे खडखडलं तर टायरॉडच्या गोळ्या गेल्या. पुढच्या टायरमध्ये हवा किती आहे? हवा कमी असेल तर टायर जमिनीला पसरून चिकटतो आणि स्टेअरिंग जड होतं. यासाठी कुणाला पैसे द्यायला लागत नाहीत. तसंच तू परवा पुढे लोडर लावला होतास का? पुढच्या आसावर वजन वाढलं की कुठलंही स्टेअरिंग जड होतं, त्यात बिघाड काही नाही. याच्या उलट, भरलेल्या दोन ट्रॉल्या मागे असल्या की पुढची बाजू हलकी होते. चक्र लोण्यासारखं फिरतं पण चाक जमीन धरत नाही. तेव्हा ड्रायव्हरला वाटतं स्टेअरिंग छान झालं. ते छान नसतं, ते धोक्याचं असतं. पुढे वजनाच्या प्लेटा लाव आणि वेग कमी कर.

लोखंड हलकं निघालं तर मग तेल.

टाकीचं झाकण उघडायच्या आधी त्याच्या भोवतीची माती ब्रशने काढ. झाकण उघडलं आणि वरची माती आत पडली तर तूच बिघाड घातलास असं समज. युनिटच्या आत फिरणाऱ्या भागांमधली फट केसापेक्षा कितीतरी बारीक असते. तिथे वाळूचा एक कण गेला तर तो आतल्या आत ओरखडे काढत फिरतो. तेलाची पट्टी बाहेर काढ, तिच्यावरचं तेल बोटावर घे आणि उजेडात धर. चांगलं तेल पारदर्शक असतं, जुनं झालं की गडद होतं. दुधासारखं पांढरट दिसलं आणि तासाभराने तसंच राहिलं तर पाणी शिरलंय. भातखाचरात चिखलणी केली असेल तर हे होतं. पांढरट दिसलं पण थोड्या वेळाने बुडबुडे फुटून स्वच्छ झालं तर ती हवा आहे. अंगठा आणि बोटात तेल चोळून बघ. चकाकणारी भुकटी लागली तर आत कुठेतरी लोखंड झिजतंय. जळकट वास आला तर तेल फार तापलेलं आहे. 80 अंशांच्या पुढे तेल सतत राहिलं की सीलं कडक होतात आणि तेलाचा दमही जातो.

तेल कमी असेल तर भर, पण कुठलं भरायचं ते पुस्तकात बघ. काही गाड्यांत स्टेअरिंगची वेगळी टाकी असते, काहींत गिअरबॉक्सचंच तेल लिफ्टला आणि स्टेअरिंगलाही जातं. त्यात इंजिन ऑइल ओतलं तर ओल्या ब्रेकच्या प्लेटा खराब होतात. शेजाऱ्याकडे कॅन शिल्लक आहे म्हणून ओतू नकोस. फिल्टर शेवटी कधी बदलला हे आठवत नसेल तर तो बदलायचाच आहे असं धर.

आता हवेबद्दल, कारण मला शंका तिथेच आहे. तू फोनवर म्हणालीस की सकाळी चालू केल्यावर कुंईऽऽ असा आवाज येतो. पंप तेल ओढतो तो नळ, म्हणजे टाकीकडून पंपाकडे येणारी रबरी नळी, तिथे दाब नसतो, ओढ असते. तिथे क्लिप ढिली असली किंवा रबर आतून फाटलं तर तेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. म्हणून डोळ्याला काहीच दिसत नाही. वरून नळी कोरडी ठणठणीत आणि आत पंप हवा चावतोय. त्याचाच तो आवाज. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही, म्हणून चक्र फिरवलं की स्पंज दाबल्यासारखं लागतं आणि मग अचानक धक्का बसतो. टाकीत फेस येतो. इंजिन चालू ठेवून त्या नळीच्या प्रत्येक जोडावर थोडं तेच तेल टाकून बघ. जिथे तेल टाकल्यावर आवाज क्षणभर बंद होतो, तिथेच गळती आहे. क्लिप बदल. नळी जुनी असेल तर नळीच बदल. ही नळी ओढीखाली चपटी होणार नाही अशी, आत तार असलेली घे. पाण्याची पाइप कापून लावलेली मी बघितली आहे. ती गरम तेलात मऊ पडते, आतून चपटी होते, आणि पंप उपाशी राहतो.

तेल पुरेसं, हवा नाही, लोखंड हलकं. तरी जड? मग ऐक, कारण जडपणाचे प्रकार असतात आणि प्रत्येक प्रकार वेगळ्या जागेकडे बोट दाखवतो. इंजिन मंद असताना जड आणि वाढवलं की हलकं होत असेल तर पंप झिजला असण्याची शक्यता मोठी. झिजलेला पंप मंद फेऱ्यात तेल पुरवू शकत नाही. सकाळी हलकं आणि दुपारी रोटाव्हेटर तासभर चालवल्यावर जड होत असेल तर तेल पातळ होऊन झिजलेल्या फटीतून पळतंय, पंपाच्या नाहीतर युनिटच्या. लिफ्ट उचलताना जड होत असेल आणि एकच पंप दोघांना तेल देत असेल तर दोघांत वाटणी करणारा व्हॉल्व्ह अडकलाय. तो स्टेअरिंगला आधी तेल देण्यासाठीच असतो. दोन्ही बाजूंना सारखंच जड, इंजिन कितीही वाढवलं तरी जड, तर रिलीफ व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे जादा दाबाचं तेल सोडून देणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये, कचरा बसून तो उघडा राहिला असेल. आणि डावीकडे हलकं पण उजवीकडे जड असेल तर पंपाला हात लावायचा नाही. पंप दोन्ही बाजूंना एकाच तेलाने पुरवतो, तो एका बाजूचा भेदभाव करत नाही. दोष सिलिंडरकडे किंवा युनिटच्या त्या बाजूच्या रस्त्यात.

तुझा प्रकार कोणता ते तू सांगितलं नाहीस. पुढच्या वेळी फोन करताना एवढं बघून सांग.

पंप गेला असं म्हणायचा एकच खरा पुरावा आहे, दाबाचं घड्याळ. पंपाच्या दाबाच्या नळीत टी जोडून घड्याळ लावायचं, चक्र एका टोकाला नेऊन क्षणभर दाबून धरायचं आणि आकडा बघायचा. किती हवा ते तुझ्या मॉडेलच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. बऱ्याच ट्रॅक्टरांत तो 100 बारच्या आसपास असतो. आकडा बरोबर आला तर पंप आणि रिलीफ दोन्ही ठीक. कमी आला तर आधी रिलीफ उघडून धुवायचा, मग पुन्हा मोजायचा, मग पंप. घड्याळ मिस्त्रीकडे असायला हवं. नसेल तर त्याला नम्रपणे सांग, काका, एकदा दाब मोजून द्या, मग टाकू. चांगला मिस्त्री यात अपमान मानत नाही. आणि पंपाचं तोंड सरळ बंद करून दाब बघू असं कुणी म्हणालं तर गाडी बंद कर. तेलाला सुटायला वाट नसेल तर पंप फुटतो.

दाब बरोबर आणि तरी टोकाला गेल्यावरही चक्र फिरतच राहतं, असं असेल तर गळती आत आहे. सिलिंडरच्या पिस्टनचं सील किंवा युनिट. टोकाला जोर लावला की चक्र अगदी हळू सरकणं हे चालतं, प्रत्येक युनिटमध्ये थोडी गळती असतेच. भराभर फिरत असेल तर बघायला हवं. कुणाला तरी सीटवर बसव. चक्र डावीकडे टोकाला ने, इंजिन बंद कर, आणि सिलिंडरच्या ज्या बाजूने तेल परत जातं तिकडची नळी सोड. नळीच्या तोंडाला लोखंडी प्लग लाव, सिलिंडरच्या तोंडाखाली डबा धर. इंजिन मंद चालू करून पुन्हा डावीकडेच जोर लावायला सांग, उजवीकडे चुकूनही नाही. सुरुवातीला थोडं साठलेलं तेल येईल. मग थांबलं तर सील ठीक. धार लागली तर पिस्टनचं सील गेलं. सील किट स्वस्त मिळतं, लेथवाला बसवून देतो. फक्त दांडा उन्हात धरून नखाने तपास. क्रोम उडाला असेल, ओरखडे असतील तर नवं सील महिनाभरात पुन्हा फाटेल. चिखल वाळू देऊ नकोस म्हणून मी दादांना किती वेळा सांगितलं. काम संपल्यावर दांडा ओल्या फडक्याने पुसायला अर्धं मिनिट लागतं.

युनिट मात्र तू उघडू नकोस. हे मी जोर देऊन सांगतो. त्यात पट्टीच्या बारीक स्प्रिंगा असतात, चांदणी आणि खालच्या दांड्याची खूण जुळवून बसवावी लागते. खूण एका दाताने चुकली तर इंजिन चालू करताच चक्र आपोआप गरगरा फिरायला लागतं. मनगट मोडेल अशा ताकदीने. म्हणून युनिट दुरुस्त करून आणलं की पहिल्यांदा चालू करताना कुणीही चक्राच्या आऱ्यांत हात घालायचा नाही, बाजूला उभं राहून चालू करायचं. बाहेरून तू एवढंच बघ की चक्र थोडं फिरवून सोडलं की ते जागेवर थांबतं का. न थांबता सरकत राहिलं तर कधी कधी युनिटचा दोष नसतो, वरचा खांब कुठेतरी घासत असतो आणि युनिटला मध्यावर परतू देत नाही. खांबाचं बुश आणि सांधा बघ, ग्रीस दे.

नळ्यांबद्दल तीन गोष्टी. दाबाच्या नळीवर टेफ्लॉनची पांढरी टेप गुंडाळू नकोस. तिचे तुकडे सुटून व्हॉल्व्हमध्ये जातात. तांब्याचा वायसर असतो तिथे नवा तांब्याचाच वायसर घाल. उघड्या नळीच्या तोंडात चिंधी कोंबू नकोस, तिचा धागा तुटून आत राहतो. प्लास्टिकची टोपी लाव, नसेल तर स्वच्छ पिशवी रबराने बांध.

आणि गळती शोधताना हात फिरवायचा नाही. ही सवय मी पोरांना मारून सोडवली आहे. दाबाच्या नळीला सुईच्या टोकाएवढं भोक असलं तर त्यातून येणारी धार डोळ्याला दिसत नाही आणि कातडीतून आत शिरते. वर फक्त टाचणी टोचल्यासारखी खूण राहते, दुखतही नाही फारसं. आत मात्र तेल पसरत जातं आणि बोट कापायची वेळ येते. पुठ्ठा धर, पुठ्ठा ओला झाला की कळतं. कधी चुकून असं झालंच तर हळद लावून घरी बसायचं नाही, त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जायचं आणि दाबाचं तेल आत गेलंय असं स्पष्ट सांगायचं. नळी सोडायच्या आधी इंजिन बंद करून चक्र दोन्हीकडे चार-पाच वेळा फिरव, म्हणजे आतला दाब उतरतो.

काम झालं की हवा काढायची. घाई इथेच होते. पुढची चाकं अधांतरीच ठेव. टाकी भर. पंप नवा असेल तर बसवण्याआधी त्याच्या तोंडात तेल घाल, कोरडा पंप पहिल्या मिनिटातच ओरखडतो. इंजिन मंदच चालू ठेव आणि चक्र हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत ने. टोकाला दाबून धरायचं नाही. सात-आठ वेळा. तेल खाली गेलं की भर. फेस आला तर इंजिन बंद करून चहा पिऊन ये, फेस बसला की पुन्हा. आवाज जाईपर्यंत आणि टाकीतलं तेल स्थिर दिसेपर्यंत. मग गाडी खाली घे आणि चाकं दोन्ही टोकांना नेऊन बघ, नळी आसाला कुठे घासते का, कुठे ताणते का. घासत असेल तर आत्ताच बांधून घे.

चालवतानाच्या दोन सवयी आहेत, त्या तुझ्यात दादांकडून आल्या असतील. उभ्या गाडीत चक्र ओढून चाकं वळवायची आणि मग गाडी सोडायची. ते करू नकोस. गाडी जराशी चालू लागली की वळव, टायर, गोळ्या, पंप, सगळ्यांचा ताण बराच कमी होतो. दुसरं, टोकाला नेल्यावर दाबून धरायचं नाही. तेव्हा जी किंचाळी ऐकू येते ती रिलीफ व्हॉल्व्हची, आणि त्या वेळी सगळी ताकद तेल तापवण्यात जाते. टोकाला लागलं की केसभर मागे सोड.

अजून एक. इंजिन बंद पडलं तरी हे स्टेअरिंग चालतं, कारण तेव्हा ती चांदणीच हातपंपासारखी तेल ढकलते. फार जड, पण चालतं. त्यासाठी आत एक छोटी गोळी असते, ती अडकली तर चालत नाही. चाकं अधांतरी आहेत तर इंजिन बंद ठेवून चक्र फिरव आणि चाकं सरकतात का बघ. आणि सरकली तरी आगाशिवाच्या डोंगराचा उतार असो की आपल्या ओढ्याचा, डिझेल वाचवायला न्यूट्रल करून इंजिन बंद करून उतरायचं नाही. ते कुणीही करत असेल, तू नाही.

रविवारी गाडी रिकामी असेल तर जॅक लाव. घोडी नसेल तर बांधावरच्या बाभळीचे ठोकळे काढलेले आहेत गोठ्यामागे, ते जाड आहेत, चालतील. दांडा सोडव आणि आधी डावं चाक फिरव, मग उजवं. पाचर विसरू नकोस. हाताला काय लागलं ते मला संध्याकाळी सातनंतर फोन करून सांग, तोवर पंपाचे पैसे कुणाला देऊ नकोस.